शिरवळ मागे पडलं की पेटणारा डावा चवडा

पुण्याहून सायकलने साताऱ्याच्या दिशेने निघालो की शिरवळपर्यंत माझी काही तक्रार नसायची. कात्रजचा चढ संपला, खेड शिवापूर गेलं, कापूरहोळला चहा झाला, सगळं मजेत. शिरवळ मागे पडून पारगाव खंडाळ्याच्या पाट्या दिसायला लागल्या की डाव्या चवड्याखाली कुणीतरी निखारा सरकवल्यासारखं व्हायचं. आधी नुसतं गरम, मग आग, आणि खंबाटकीच्या चढावर तिसरं-चौथं बोट जागेवर आहे की नाही हेच कळेनासं व्हायचं. घाटमाथ्यावर सायकल टेकवून बूट काढला की पाच मिनिटांत पाय शांत. बूट चढवला, पंधरा-वीस किलोमीटर गेले, की पुन्हा तेच. 'तळपायाची आग मस्तकात' हा वाक्प्रचार कुणातरी सायकलवाल्यानेच काढला असणार, अशी माझी तेव्हा खात्री पटली होती.

चार वर्षांत हे दुखणं माझ्याकडे तीनदा आलं. दुखणारी जागा दरवेळी जवळपास तीच, कारण मात्र दरवेळी निराळं निघालं. सल्ल्यांचा घोळ इथेच होतो. एकाला पट्टा सैल केल्याने गुण येतो, मग तो भेटेल त्याला पट्टा सैल करायला सांगतो. ज्याला सांगतो त्याची गडबड सीटमध्ये असते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: नेमकं कुठे दुखतं (बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे), किती वेळाने सुरू होतं, आणि एकाच पायाला होतं की दोन्ही. निम्मं उत्तर त्यातच असतं.

माझा ठोकताळा असा. एकच पाय दुखत असेल तर आधी त्या पायाचा बूट आणि त्या बुटाची क्लीट (बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बघायची. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: सीटची उंची, गिअर, ऊन. पहिल्या दहा मिनिटांत दुखत असेल तर काहीतरी सरळसरळ टोचतंय किंवा आवळतंय. दोन-तीन तासांनी सुरू होत असेल तर पाय सुजून बूट अपुरा पडतोय, किंवा दाब साठत साठत गेलाय.

चवडाच का?

चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि बोटांच्या मुळाशी त्यांची टोकं येतात. बोटांकडे जाणाऱ्या नसा या टोकांच्या मधल्या फटींतून जातात. चालताना भार टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून बोटांवर असा फिरता असतो, त्यामुळे प्रत्येक जागेला मधेमधे सुटी मिळते. सायकलवर टाचेला कामच नाही. सगळा जोर चवड्याच्या त्याच तळहाताएवढ्याही नसलेल्या जागेतून पेडलवर जातो. वरून बूट दाबतो, खालून पेडल दाबतं, मधे नस सापडते.

हिशोब करून बघा. मिनिटाला ८० फेरे म्हटले तर तासाला ४,८००. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले चहा-नाश्त्याचे थांबे सोडून नऊ तास जरी पाय फिरवले तरी एकेक पाय ४३,००० वेळा त्याच जागी दाब खातो. दीड मिलिमीटरची चूक पार्कातल्या चकरीला कळत नाही, इथे कळते.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधली नस बहुधा सगळ्यात आधी कुरकुरते. तिच्याभोवतीचा भाग जाड होऊन बसला तर डॉक्टर त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. तेव्हा सायकलवरून उतरल्यावरही चालताना बुटात खडा असल्यासारखं वाटत राहतं. बूट काढल्यावर दहा मिनिटांत सगळं निवत असेल तर तुम्ही अजून तिथवर पोचलेला नाहीत. पोचूही नका.

पहिली खेप: बूट

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. पायाखाली मऊ काहीतरी हवं असं ठरवून जेलचं जाड इनसोल आणलं, वर जाड मोजे घातले. पुढच्या राइडला आग शिरवळऐवजी कापूरहोळलाच लागली. आता विचार केला की हसू येतं. बुटाची आतली जागा तेवढीच आहे, तिच्यात मी चार मिलिमीटरची गादी भरली आणि पाय वरच्या बाजूला आणखी चेपला. आग दाबामुळे होत होती आणि मी दाबच वाढवला होता.

खरी परीक्षा फुकट आहे. बुटातलं इनसोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि अनवाणी त्याच्यावर उभे राहा. टाच नीट मागे टेकवा, पूर्ण वजन टाका. मी स्वयंपाकघरात हे करत होतो तेव्हा बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "करंगळी बाहेर राहिलीये तुझी." उजवा पाय इनसोलच्या काठाला जेमतेम टेकत होता. डाव्याची करंगळी आणि तिच्या मुळाचं हाड काठाच्या चांगलं सात-आठ मिलिमीटर बाहेर. बूट ऑनलाइन घेतले होते, रोजच्या बुटांचा नंबर बघून. लांबी बरोबर होती, रुंदीचा मी विचारच केला नव्हता. आणि माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दोन्ही पाय सारखे असणारी माणसं थोडीच. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचे आणि संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊन घेतलेला बूट पाचव्या तासाला वेगळाच बूट होतो. आपल्यातले बरेच जण लहानपणी अनवाणी नाहीतर चपलांत वाढले आहेत. अशा पायांचा चवडा पसरट असतो, आणि सायकलचे बूट बऱ्याचदा निमुळते शिवलेले असतात. काही कंपन्या त्याच नंबरात 'वाइड' माप काढतात. ते मिळत नाही म्हणून सरळ एक-दोन नंबर मोठा बूट घेतला, तर रुंदी मिळते पण टाच आत खेळायला लागते आणि क्लीटची जागाही बदलते. अर्धा नंबर ठीक, त्यापुढे नको.

पण थांबा, नवे बूट लगेच घेऊ नका. मीही तेव्हा घेतले नाहीत. बुटाला तीन पट्टे होते आणि मी तिन्ही सारखेच आवळायचो, पोतं बांधल्यासारखे. बोटांजवळच्या पट्ट्याचं काम जवळजवळ काहीच नसतं. तो नुसता चिकटवून ठेवायचा, ओढायचा नाही. मधला बेताचा. टाच उचलली जाऊ नये एवढ्यापुरता सगळ्यात वरचा घट्ट. लेसचे बूट असतील तर पहिल्या दोन भोकांतली लेस सैल सोडा किंवा ती भोकं चक्क वगळा. गोल डायलवाल्या बुटात मात्र काही वेळा एकच तार खालपासून वरपर्यंत जाते आणि चवडा सैल, घोटा घट्ट असं करताच येत नाही. ज्याला चवड्याचा त्रास आहे त्याने दोन डायलवाले नाहीतर पट्ट्यांचे बूट बघावेत असं माझं मत.

जेल फेकलं, मोजे पातळ केले, खालचा पट्टा सैल सोडला. आग खंडाळ्यावरून पुढे सरकली, सुरूरच्या फाट्यापर्यंत गेली. गेली म्हणजे संपली नाही. तिचं कारण पुढच्या खेपेला सापडलं.

दुसरी खेप: क्लीट

क्लिप होणाऱ्या पेडलना 'क्लिपलेस' का म्हणतात हे नव्या माणसाला कधीच कळत नाही. पूर्वी बोटांवरून लोखंडी पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून क्लिपलेस. लुक कंपनीने स्कीच्या बांधणीवरून १९८४ साली असं पेडल आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला. दोन स्क्रूंची एसपीडी क्लीट शिमानोने १९९० मध्ये आणली. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या राइडला बहुतेकांच्या पायात ती दिसते, कारण ती बुटाच्या तळात खोल बसते आणि धाब्यावर चालता येतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, साठी ओलांडलेले. ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम करतात आणि पाय दुखला असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अहो, तुम्ही पेपरवाल्यांचे पाय बघितलेत का कधी?" दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून बघितले. पेपरवाला, दूधवाला, कुणाचाच चवडा पेडलवर नव्हता. पेडल पायाच्या मधोमध, जवळजवळ कमानीखाली. वीस-वीस वर्षं हे लोक रोज पहाटे सायकल मारतात. स्पर्धेत जोराने उसळी मारायला ही पद्धत सोयीची नाही, हे खरं. पण मला कुठे स्पर्धा मारायची होती?

मग बूट उलटे करून टेबलावर ठेवले आणि पट्टी लावली. टाचेपासून क्लीटच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बुटांना सारखं यायला हवं होतं. डाव्याची क्लीट उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर पुढे होती. दुकानात बसवून घेतली तेव्हा बसवणाऱ्याने अंदाजाने बसवली आणि मी तपासली नाही. मोठा पाय, आवळलेला पट्टा आणि वर पुढे गेलेली क्लीट: डाव्या चवड्याला तिन्ही बाजूंनी घेरलं होतं.

क्लीट सरकवायची तर अशी. बूट घालून, उभं राहून, अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला येणारा उंचवटा बोटाने चाचपा आणि तिथे बुटावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरा. करंगळीचा उंचवटा नेहमी थोडा मागे असतो. क्लीटचा मध्य अंगठ्याच्या खुणेखाली असेल तर सगळा जोर चवड्याच्या टोकावर येतो. तो दोन खुणांच्या मधे आणा. आग होत असेल तर करंगळीच्या खुणेपर्यंत, वाटलं तर तिच्याही थोडा मागे न्या. हलवण्याआधी जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ ओढून ठेवायची. न आवडल्यास परतीची वाट माहीत हवी. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा आणि दोन राइड थांबा. मी डावी एकूण दहा मिलिमीटर मागे नेली, उजवी चार.

याचे दोन परिणाम होतात, ते आधी कोणी सांगत नाही. क्लीट मागे गेली की पाय पेडलच्या पुढे सरकतो. लहान फ्रेमवर, त्यातून मडगार्ड असेल तर, हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. सोसायटीच्या आवारात दोन आठ काढून बघा, रस्त्यावर कळायला नको. दुसरं, पेडलपर्यंतचा पल्ला किंचित वाढतो म्हणून सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी लागते.

इनसोल उचलून त्याच्या खालीही एकदा बघा. एसपीडीच्या बुटात तिथे क्लीट धरणारी लोखंडी पट्टी असते आणि तिच्यावर पाणी आत येऊ नये म्हणून चिकटवलेला कागद. कागद निघालेला असेल, स्क्रू गरजेपेक्षा लांब असतील किंवा इनसोल चपटं झालं असेल तर नेमकी तीच कडा पायाला लागते. ग्रुपमधल्या एकाचं दोन महिन्यांचं दुखणं फक्त छोटे स्क्रू लावून गेलं. तळ मऊ असलेल्या स्वस्त बुटांत हे जास्त होतं. एसपीडीचं पेडल लहान, त्यात तळ वाकतो आणि क्लीट आतून जाणवते.

आणि क्लीटचा कोन. टेबलावर बसून पाय लोंबकळू द्या. माझे पंजे थोडे बाहेर बघतात, तुमचे वेगळे असतील. क्लीटने पाय जबरदस्तीने सरळ धरला तर पायाच्या बाहेरच्या कडेला, घोट्याला आणि शेवटी गुडघ्याला ते कळतं.

तिसरी खेप: सीट आणि गिअर

पुढचं दीड वर्ष बरं गेलं. मग नवी सीट घेतली आणि महिनाभरात चवडे पुन्हा पेटले. या वेळी दोन्ही. मी सवयीने पट्टे सैल केले, क्लीट मोजल्या, सगळं जागच्या जागी. दोन्ही पाय दुखतायत म्हणजे बूट नाही, हे आता वर लिहितोय तितक्या सहज तेव्हा सुचलं नव्हतं.

मुलाला मोबाइल दिला आणि बाजूने व्हिडिओ काढायला सांगितला. त्यात दिसलं की पेडल खाली गेलं की माझी टाच वर जातेय आणि मी बोटांच्या टोकांनी पेडल गाठतोय, फळीवरचा डबा काढताना टाचा उचलतो तसा. नवी सीट जुनीपेक्षा जाड होती. खांब मी हलवला नव्हता म्हणून उंची तीच आहे असं धरून चाललो होतो. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत टेप लावली: पूर्वीचं ७२.५ सेंटिमीटर, आता जवळजवळ ७४. दीड सेंटिमीटर खाली घेतली आणि त्याच आठवड्यात आग गेली. पोटरी दुखायची तीही थांबली. हा आकडा आता सायकलच्या खालच्या नळीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलाय.

माप लिहिलेलं नसेल तर घरगुती पद्धत: सायकलचे बूट घालून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा, त्याच्यावर टाच ठेवा. कंबर न कलता गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. इथून पुढे पाच-पाच मिलिमीटरचा खेळ. सीट फार खाली असेल तर त्याचा राग गुडघा काढतो, ते वेगळं पुराण.

गिअरबद्दल जरा कडू बोलतो. आपल्याकडे जड गिअर ओढणं हे मर्दुमकीचं लक्षण समजतात. चढावर हलका गिअर टाकला की बाजूने जाणारा 'दमलास काय' विचारतो. मिनिटाला ६० फेरे मारताना त्याच वेगासाठी ९०च्या मानाने प्रत्येक फेऱ्याला दीडपट जोर लावावा लागतो, आणि तो दीडपट जोर चवड्यातूनच जातो. खंबाटकीत माझे फेरे पन्नाशीत घसरायचे. मागची चकती बदलून सगळ्यात मोठी ३२ दातांची घेतली. वेग फारसा बदलला नाही. चवड्यांना फरक कळला.

बाकीची ठिकाणं, थोडक्यात

पायाच्या वर, जिथे पट्टा येतो तिथे दुखत असेल: पट्टा किंवा बुटाची जीभ दुमडलीय. सरळ करा, विषय संपला.

करंगळीची बाजू: बूट अरुंद, नाहीतर दोन पाय एकमेकांच्या फार जवळ येतायत. क्लीट बुटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याकडे सरकवली की पाय क्रँकपासून लांब जातो. दोन-तीन मिलिमीटर पुष्कळ होतात.

टाचेच्या मागची शीर: सीट फार वर, क्लीट फार पुढे, किंवा एकदम अंतर वाढवलंत. क्लीट मागे घेतल्याने हिलाही आराम पडतो.

टाचेखाली, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना कळ: हे प्लांटर फॅसायटिस असू शकतं आणि त्याचा उगम बहुधा सायकलमध्ये नसतो. दिवसभर कडक फरशीवर अनवाणी उभं राहणं, आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळपायाखाली फिरवणं आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, हे आठवडाभर करून बघा.

कमान दुखणं: पेडलवर दाब देताना कमान खचत असेल तर कमानीला आधार देणारं, कडक पण पातळ इनसोल उपयोगी पडतं. पातळ हा शब्द दोनदा वाचा. चवड्यासाठी एक छोटा फुगीर तुकडाही मिळतो, मेटाटार्सल पॅड. तो हाडांच्या टोकांच्या मागे लावायचा असतो, म्हणजे हाडं थोडी उचलली जाऊन पसरतात आणि नसेला वाट मिळते. मी पहिल्यांदा तो दुखतंय तिथेच, बरोबर आगीखाली लावला होता. अर्ध्या तासात काढून खिशात टाकला.

साध्या पेडलवाल्यांसाठी: पळायचे बूट घालून सायकल मारत असाल तर दुखण्याचं कारण बहुधा तेच. त्यांचा तळ मऊ असतो, पेडलच्या कडेवर दुमडतो. पसरट, काटे असलेलं मोठं पेडल आणि सपाट, कडकसर तळाचे बूट घ्या, आणि पाय पेपरवाल्यासारखा थोडा पुढे ठेवा. पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका.

रस्त्यात असताना

आग लागल्यावर पट्टा सैल करण्यात अर्थ नाही, नस तोवर रुसलेली असते. मी तासातासाला, दुखत नसतानाही, वरचे दोन पट्टे एक खाच सैल करतो. उतारावर पाय पेडलवरून सोडवून हवेत घोटा फिरवतो, बुटाच्या आत बोटं आवळतो-पसरतो. सपाटीवर दहा-बारा फेरे पेडल खाली दाबण्याऐवजी वर ओढल्यासारखे मारतो, तेवढ्यात चवड्याला श्वास मिळतो. चहाला थांबलो की बूट काढायचेच, मोजे ओले असले तरी. मे महिन्यात दुपारी डांबराची धग खालून येते तेव्हा मोज्यांवर पाणी ओतून बघितलंय. बरं वाटतं, पण नंतर मोजा चिंब राहिला तर फोड येतो. पावसाळ्यात तो धोका आहेच. घरी आल्यावर इनसोल काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे.

डॉक्टरांकडे कधी

हे सगळे उपाय दाबाने होणाऱ्या दुखण्याचे आहेत. बूट काढून तास-दोन तास झाले तरी बधिरपणा जात नसेल, रात्री झोपेत तळपायांची आग होत असेल, हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल, अंगठ्याचा सांधा लाल होऊन सुजला असेल किंवा एकच पोटरी सुजली असेल, तर क्लीट हलवत बसू नका. पोटरी सुजली असेल तर त्याच दिवशी जा. मुंग्या कमरेपासून किंवा मांडीच्या मागून खाली येत असतील तर मूळ पाठीत असू शकतं. आणि मधुमेह असलेल्यांनी तर पायाचा बधिरपणा सायकलवर ढकलूच नये. तळपायाची संवेदना कमी झाली की बुटातला खडाही कळत नाही आणि साधा फोड चिघळतो. राइडनंतर त्यांनी पाय खालून बघायचे, हवं तर आरसा धरून.

स्क्रूंबद्दल

क्लीट हलवली की तीस-चाळीस किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे, ते थोडे बसतात. चार मिलिमीटरची एलन की लागते, ताकद पाच-सहा न्यूटन मीटर, आणि आट्यांना बोटभर ग्रीस. ग्रीस नसेल तर एका पावसाळ्यात स्क्रू गंजून घट्ट बसतात. माझा डावीकडचा पुढचा स्क्रू तसाच बसला होता. खाचेत चिखल वाळलेला, मी तशीच की घालून जोर लावला आणि खाच गोल झाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी हॅक्सॉच्या पात्याने स्क्रूच्या डोक्यावर आडवी चीर पाडली, मोठा पेचकस लावला आणि हातोडीचा एक टोला देऊन तो फिरवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "आधी माती काढायची, मग पाना लावायचा." आता टूलच्या डब्यात एक दाभण ठेवलंय. की लावण्याआधी त्याने खाच कोरून घेतो.